खेळाडूची दृष्टी आणि किनाऱ्यावरचा उजेड

मैदानावर एखाद्या मुलाच्या हातून झेल सुटला, की आपली नजर प्रथम त्याच्या हातांकडे जाते. हात सैल होते, लक्ष नव्हते, चेंडूला भ्यायला, असे निष्कर्ष आपण क्षणात काढून मोकळे होतो. हाच प्रकार पुनःपुन्हा घडला, तर त्या मुलाला ‘धांदरट’ किंवा ‘भित्रा’ हे विशेषण कायमचे चिकटते आणि पुढच्या वर्षी संघ निवडताना त्याचे नाव आपोआप मागे पडते. चेंडू त्याला दिसला केव्हा, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न विचारणे प्रत्येक शाळेत अगत्याचे आहे. निवासी शाळेत तर ते अधिकच अगत्याचे आहे. घरी राहणारा मुलगा दूरचित्रवाणीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसू लागला, की आईच्या ते ध्यानात येते. वसतिगृहात शेकडो मुलांमध्ये असा एखादा मुलगा सहज हरवून जातो. त्यातही आपले थळ गाव पश्चिमेकडे तोंड करून समुद्राकाठी वसलेले. सायंकाळी, म्हणजे खेळाच्या ऐन वेळी, सूर्य समोरून डोळ्यांत येतो आणि तो बुडाला की अंधार झपाट्याने पडतो. डोळा आणि उजेड यांचा खेळाशी काय संबंध आहे, हे समजून घेण्यास याहून उचित ठिकाण कोणते असणार?

अर्ध्या सेकंदाचा हिशेब

प्रथम काही आकडे पाहू. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे सुमारे २०.१२ मीटर लांब असते. पण एका बाजूच्या फलंदाजीच्या रेषेपासून दुसऱ्या बाजूच्या फलंदाजीच्या रेषेपर्यंतचे अंतर १७.६८ मीटरच भरते. ताशी १४० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आसपास कापतो. शालेय गोलंदाजाचा वेग ताशी ९० किलोमीटर धरला, तरी फलंदाजाच्या वाट्याला पाऊण सेकंददेखील येत नाही. एखादी गोष्ट डोळ्याला दिसून तिला शरीराने प्रतिसाद देण्यास सुरुवात करण्यातच सुमारे एकपंचमांश सेकंद खर्ची पडतो. उरलेल्या अवधीत पाय हलवायचे आणि बॅट चेंडूपर्यंत न्यायची. याचा अर्थ असा, की चेंडूचा टप्पा कोठे पडेल हा निर्णय चेंडू अर्ध्या वाटेवर असतानाच, किंबहुना गोलंदाजाच्या हातून सुटतानाच घ्यावा लागतो.

आता तो चेंडू डोळ्याला केवढा दिसतो, तेही पाहू. क्रिकेटच्या चेंडूचा व्यास सुमारे सात सेंटिमीटर. सतरा-अठरा मीटरवरून तो आपल्याला दिसतो तो हात पूर्ण लांब करून चिमटीत धरलेल्या मोठ्या मोहरीच्या दाण्याएवढा. एवढ्याशा ठिपक्यावरून वेग, दिशा आणि टप्पा ओळखायचा आहे. तो ठिपका स्वच्छ दिसत नसेल, तर सरावाचे कितीही तास घातले तरी त्याची भरपाई पुरती होत नाही.

धूसर चेंडू, स्पष्ट माणूस

शाळकरी वयात सर्वाधिक आढळणारा दृष्टिदोष म्हणजे निकटदृष्टिता. यात नेत्रगोल किंचित लांबट झालेला असतो, किंवा डोळ्याची प्रकाश वळविण्याची शक्ती प्रमाणाबाहेर असते. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडेच तयार होते. चष्म्याच्या उणे नंबरामागचे गणित सोपे आहे. उणे एक नंबर असलेल्या मुलाला साधारण एक मीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते, उणे दोन असलेल्याला अर्ध्या मीटरपर्यंतचे आणि उणे तीन असलेल्याला सुमारे तेहतीस सेंटिमीटरपर्यंतचे. त्यापलीकडचे सर्व जग कमी-अधिक धूसर.

अर्धा मीटर म्हणजे पुस्तक वाचण्याचे अंतर. म्हणून असा मुलगा वाचनात, लेखनात कोठे अडत नाही आणि त्याच्या डोळ्यांविषयी कोणाला शंका येत नाही. दुसरे असे, की त्या मुलालाही स्वतःची अडचण उमगत नाही. जगाची धूसरता त्याने कधी दुसऱ्याच्या डोळ्यांनी तपासून पाहिलेली नसते; सर्वांना असेच दिसत असणार, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

उणे दोन नंबरच्या डोळ्याने चष्म्याविना अठरा मीटरवरचा चेंडू पाहिला, तर त्याच्या कडांचा धूसरपणा चेंडूच्या दिसणाऱ्या आकारापेक्षाही मोठा भरतो. चेंडू नव्हे, एक विरलेला डाग येताना दिसतो आणि अगदी जवळ आल्यावर त्याचा एकाएकी चेंडू होतो. अशा वेळी अंग चोरणे हा भित्रेपणा नव्हे. अचानक समोर आलेल्या वस्तूपासून स्वतःला वाचविण्याची ती शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे.

हाच मुलगा कबड्डीच्या मैदानात मात्र निधडा असू शकतो. पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब, म्हणजे मध्यरेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंतचे अंतर साडेसहा मीटर. त्या अंतरावरचा बचावपटू चेंडूच्या तुलनेत कितीतरी पटींनी मोठा दिसतो. त्याच्या कडा धूसर झाल्या तरी तो कोणीकडे झुकला हे कळते. शिवाय चढाईपटूला नजरेच्या मध्यभागापेक्षा कडांचा उपयोग अधिक. दोन्ही डोळ्यांनी मिळून आपल्याला आडवे जवळजवळ १८० अंशांचे क्षेत्र दिसते. डॉक्टरांच्या तक्त्यावरची अक्षरे वाचणारा भाग त्याच्या मध्यावरचा अवघ्या दोन-एक अंशांचा. डावा कोपरा रक्षक मागून केव्हा सरकला हे चढाईपटूला कडेच्या नजरेनेच टिपावे लागते आणि त्या नजरेला बारीक अक्षरे वाचता येत नसली, तरी हालचाल उत्तम कळते. खो-खोमध्येही धावणाऱ्याचे भान असेच कडेच्या नजरेवर पुष्कळसे अवलंबून असते.

कबड्डी रायगड जिल्ह्याच्या हाडीमांसी खिळलेली आहे. एखादा विद्यार्थी कबड्डीत वाघ आणि क्रिकेटमध्ये ससा, असे आपल्याकडे दिसून आले, तर त्याच्या धैर्याविषयी बोलण्यापूर्वी त्याला दृष्टितक्त्यासमोर उभे करावे. हे एक निरीक्षण क्रीडाशिक्षकाच्या हाती असलेले फुकटचे तपासणीयंत्रच होय.

चष्मा खेळाच्या आड येतो, ही समजूत मात्र मनातून काढून टाकली पाहिजे. बडोद्याच्या मराठी घराण्यात जन्मलेले अंशुमान गायकवाड चष्मा लावून कसोटी क्रिकेट खेळले. १९७६ साली किंग्स्टनच्या खेळपट्टीवर, शिरस्त्राणाचा वापर रूढ होण्यापूर्वीच्या काळात, वेस्ट इंडिजच्या भयंकर वेगवान माऱ्यासमोर ते ८१ धावांपर्यंत टिकले आणि कानावर चेंडू बसल्यानंतरच मैदानाबाहेर गेले. पुढे १९८३ साली जालंधर येथे पाकिस्तानविरुद्ध त्यांनी ६७१ मिनिटे खेळून २०१ धावा केल्या. अकरा तासांहून अधिक काळ प्रत्येक चेंडू काचेआडून पाहिलेला! आज तर न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या भिंगांचे, डोक्यामागे पट्टा असलेले खेळाचे चष्मे मिळतात. कबड्डीसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात साधा काचेचा चष्मा धोक्याचा, हे खरे. त्यावर उपाय म्हणजे खेळ सोडणे किंवा चष्मा पेटीत लपविणे नव्हे, तर नेत्रतज्ज्ञाच्या सल्ल्याने योग्य साधन निवडणे.

दोन डोळे आणि अंतराचा अंदाज

काही मुलांचा एक डोळा उत्तम आणि दुसरा अधू असतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले, की चांगला डोळा काम भागवितो आणि दोष झाकला जातो. म्हणूनच तपासणी प्रत्येक डोळ्याची स्वतंत्र करावी लागते. लहानपणी अधू डोळ्याचा वापर झाला नाही, तर मेंदू त्याच्याकडून येणाऱ्या प्रतिमेकडे दुर्लक्ष करू लागतो. यालाच ‘आळशी डोळा’ म्हणतात. त्यावरचे उपचार वय जितके लहान तितके अधिक फळतात.

आपले दोन डोळे एकमेकांपासून सुमारे सहा सेंटिमीटरवर असतात. त्यामुळे दोघांना दिसणाऱ्या प्रतिमांत किंचित फरक असतो आणि त्या फरकावरून मेंदू अंतराचा अंदाज बांधतो. झेल घेणे, पेला भरणे, सुईत दोरा ओवणे ही सर्व कामे या अंदाजावर चालतात. एका डोळ्यानेही अंतर कळते. परंतु ते वस्तूचा आकार, सावली, हालचाल अशा खुणांवरून शिकून घ्यावे लागते.

ही शिकवण किती दूरवर जाऊ शकते, याचे उदाहरण म्हणजे मन्सूर अली खान पतौडी. जुलै १९६१ मध्ये इंग्लंडमधील होव्ह येथे झालेल्या मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते भारताकडून पहिला कसोटी सामना खेळले आणि मार्च १९६२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, भारताचे कर्णधार झाले. एकूण ४६ कसोटी सामन्यांपैकी ४० सामन्यांत त्यांनी नेतृत्व केले व सहा शतके झळकाविली. टोपी अधू डोळ्यावर ओढून, उभे राहण्याची पद्धत बदलून त्यांनी नव्याने फलंदाजी बसविली. मात्र या उदाहरणातून ‘इच्छाशक्ती असली की डोळ्यांचे काही अडत नाही’ असा सोपा धडा काढणे चुकीचे ठरेल. पतौडींना आपल्या डोळ्याचे नेमके काय झाले आहे, हे ठाऊक होते; म्हणून त्यांना त्यावर उपाय योजता आला. ज्या मुलाला आपला दोषच ठाऊक नाही, त्याच्याकडून अशा पराक्रमाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

पश्चिमेचा सूर्य

डोळा निर्दोष असला, तरी उजेड प्रतिकूल असू शकतो. पौर्णिमेच्या चांदण्यापासून भर दुपारच्या उन्हापर्यंत प्रकाशाची तीव्रता लक्षावधी पटींनी वाढते. डोळ्याची बाहुली अंधारात सुमारे आठ मिलिमीटर रुंदावते व उन्हात दोन मिलिमीटरपर्यंत आकसते. पण एवढ्याने आत येणारा प्रकाश फार तर सोळा पट कमी-जास्त होतो. उरलेली सारी जुळवाजुळव दृष्टिपटलातील पेशी करतात आणि तिला वेळ लागतो. उजेडाची सवय लवकर होते. अंधाराची सवय पूर्ण व्हायला अर्ध्या तासाच्या आसपास अवधी जातो. भर उन्हातून बंदिस्त सभागृहातील कबड्डीच्या मॅटवर येऊन लगेच चढाईला जाणारा खेळाडू पहिली काही मिनिटे त्यामुळेच चाचपडतो.

सायंकाळच्या सूर्याचा प्रश्न वेगळा आहे. थळच्या किनाऱ्यावर सूर्य वर्षभर पश्चिमेच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला सुमारे पंचवीस अंशांच्या आतच मावळतो. म्हणजे समुद्राकडे तोंड करून उभा राहिलेला खेळाडू कोणत्याही ऋतूत त्याच्या तावडीतून सुटत नाही. सूर्यास्तापूर्वीच्या शेवटच्या तासात सूर्य क्षितिजापासून साधारण चौदा अंशांच्या आत असतो. हात लांब करून क्षितिजावर मूठ धरली, तर ती सुमारे दहा अंश झाकते. तेव्हा दीड मुठीच्या आत सूर्य आला, की त्याच्या दिशेने येणारा उंच चेंडू दिसेनासा होणार, हे समजावे. डोळ्यात शिरलेला तीव्र प्रकाश नेत्रगोलाच्या आत विखुरतो आणि पातळ पडद्यासारखा प्रतिमेवर पसरतो; चेंडू आणि आकाश यांतील फरक त्यामुळे पुसला जातो.

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पुळणीवर यात आणखी भर पडते. ओली वाळू आरशासारखी चकाकते, त्यामुळे प्रकाश वरून येतो तसा खालूनही येतो. कोरडी वाळू सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के परावर्तित करतो. गवताळ मैदानावर हे प्रमाण बरेच कमी असते. वर्षानुवर्षे ऊन, वारा आणि खारे पाणी झेलणाऱ्या माणसांच्या डोळ्यांत पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारी मांसाची वाढ दिसते, तिच्यामागे हेही एक कारण आहे. नौकेवर आयुष्य काढणाऱ्या आपल्या कोळी बांधवांना ती अपरिचित नाही.

सूर्याचा हा अडथळा खेळाच्या नियमांनीही मान्य केला आहे. क्रिकेटची खेळपट्टी सामान्यतः उत्तर-दक्षिण आखतात, ती याचसाठी. न्यूझीलंडमधील नेपियर येथील खेळपट्टी पूर्व-पश्चिम आहे. २३ जानेवारी २०१९ रोजी तेथे भारत आणि न्यूझीलंड यांच्यातील एकदिवसीय सामना मावळता सूर्य फलंदाजांच्या डोळ्यांत येत असल्यामुळे काही काळ थांबवावा लागला. पाऊस नाही, अंधार नाही. उजेड जास्त म्हणून खेळ थांबला! व्हॉलीबॉलमध्ये प्रत्येक डावानंतर संघ बाजू बदलतात. वाळूवरच्या व्हॉलीबॉलमध्ये तर पहिल्या दोन डावांत दर सात गुणांनी बाजू बदलली जाते. ऊन आणि वारा यांचा त्रास दोघांनाही सारखाच व्हावा, हा त्यामागचा न्याय. वेस्ट इंडिजचे शिवनारायण चंदरपॉल डोळ्यांखाली काळे पट्टे लावून खेळत. गालावरून परावर्तित होणारी तिरीप कमी करणे हा त्यांचा हेतू.

आपल्याकडे यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. सरावाची खेळपट्टी किनाऱ्याला समांतर आखावी, काटकोनात नको. क्षेत्ररक्षकाने सूर्याला सरळ सामोरे न राहता किंचित तिरके उभे राहावे आणि मोकळ्या तळव्याने सूर्य झाकून चेंडू पाहावा. रुंद कडेची टोपी हे सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक साधन आहे. रस्त्यावर मिळणारा, केवळ काळा रंग दिलेला गॉगल मात्र टाळावा. त्याच्या आड बाहुली रुंदावते आणि भिंगात अतिनील किरण अडविण्याची सोय नसेल, तर ते उलट अधिक प्रमाणात आत शिरतात.

तिन्हीसांजेचा चेंडू

उष्ण कटिबंधात संधिप्रकाश अल्पकाळ टिकतो. सूर्य बुडाल्यापासून मैदानावर काम करण्याजोगा उजेड आपल्याकडे वीस-बावीस मिनिटेच राहतो. नोव्हेंबरच्या अखेरीस आपल्या किनाऱ्यावर सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. जुलैच्या आरंभी तो सव्वासातनंतर होतो. सरावाचे घड्याळ मात्र बहुधा बारमाही एकच असते. त्यामुळे हिवाळ्यात, म्हणजे शालेय स्पर्धांच्या ऐन हंगामात, सरावाचा अखेरचा भाग अंधूक प्रकाशात पडतो.

दृष्टिपटलात दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकाकृती पेशी भरपूर उजेडात काम करतात व रंग ओळखतात. दंडाकार पेशी मंद प्रकाशात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत आणि तांबड्या प्रकाशाला त्या जवळजवळ दाद देत नाहीत. म्हणून उजेड उतरू लागला, की तांबडी वस्तू इतर रंगांच्या आधी काळवंडते. तांबडा चेंडू तिन्हीसांजेला गडद झाडीच्या पार्श्वभूमीवर नाहीसा होतो तो यामुळे. रात्रीच्या क्रिकेटसाठी पांढरा चेंडू आला आणि दिवस-रात्र कसोटीसाठी गुलाबी. अशी पहिली कसोटी नोव्हेंबर २०१५ मध्ये ॲडिलेड येथे झाली. भारतातील पहिली नोव्हेंबर २०१९ मध्ये कोलकात्यात. टेनिसचा चेंडू १९७२ पासून पिवळा होऊ लागला, तोही दूरचित्रवाणीवर नीट दिसावा म्हणून. रंगांधळेपण असलेल्या मुलांना तर हिरवळीवरचा तांबडा चेंडू भर दिवसाही चटकन वेगळा ओळखता येत नाही. हा दोष मुलींत क्वचित, तर मुलग्यांत दर शंभरांत काहींना जन्मतः असतो.

निकटदृष्टिता असलेल्या मुलाची संध्याकाळी दुहेरी कोंडी होते. उजेड कमी झाला, की बाहुली रुंदावते आणि बाहुली जितकी रुंद, तितकी प्रतिमा अधिक धूसर. डोळे किलकिले करून पाहण्याची सवय याच्या उलट दिशेने काम करते. फट लहान झाली, की प्रतिमा जराशी रेखीव होते. म्हणून किलकिल्या डोळ्यांनी पाहणारा मुलगा उजेडाला कंटाळला आहे की त्याला दूरचे दिसत नाही, हे पारखून घ्यावे.

मंद प्रकाशात अजिबातच चाचपडणाऱ्या मुलाच्या आहाराकडेही लक्ष द्यावे. दंडाकार पेशींना जे द्रव्य लागते, ते ‘अ’ जीवनसत्त्वापासून तयार होते. त्याची उणीव पडली, की रातांधळेपणा येतो. शेवग्याचा पाला, माठ, तांबडा भोपळा, पपई, अंडी आणि मासळी यांपैकी काही ना काही कोकणात बारमाही मिळते. वसतिगृहाच्या भोजनगृहात त्यांना नित्य स्थान असणे हा क्रीडाप्रशिक्षणाचाच भाग मानावा.

उजेड सोसवत नाही तेव्हा

काही मुलांना साध्या उन्हातही डोळे उघडे ठेवता येत नाहीत, पाणी वाहते, कपाळ दुखते. परितारिकेतील रंगद्रव्य प्रकाश अडविण्याचे काम करते. काळ्याभोर डोळ्यांत ते भरपूर असते, घाऱ्या डोळ्यांत कमी. अमेरिकेतील बेसबॉलपटू जॉश हॅमिल्टन यांनी २०११ साली आपले निळे डोळे दिवसाच्या सामन्यांत आपल्याला अडचणीत आणतात, असे सांगितले होते. कोकण किनाऱ्यावर घारे डोळे दुर्मीळ नाहीत. प्रत्येकाला असा त्रास होतो असे नव्हे, पण होत असेल तर ती सबब समजू नये.

अंगात रंगद्रव्य जन्मतःच अत्यल्प असलेल्या, म्हणजे वर्णहीनता असलेल्या मुलांची स्थिती अधिक कठीण. त्यांचे केस व कातडी फिकट असतात, ऊन त्यांना बोचते आणि नजरही बहुधा अधू असते. अशा मुलाला ‘उन्हात ये, सवय होईल’ असे सांगणे निर्दयपणाचे ठरते. सकाळी लवकर किंवा छताखाली सराव, टोपी, योग्य भिंगांचा चष्मा एवढी सोय केली, तर तोही खेळू शकतो.

सर्वांत अधिक आढळणारे कारण मात्र साधे असते, ते म्हणजे धूळ व परागकणांनी येणारी ॲलर्जी. डोळे लाल होतात, खाजतात, उजेड नकोसा होतो. ते चोळू नयेत. स्वच्छ पाण्याने धुवावेत. औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब आणून महिनोन्‌महिने घालणे घातक आहे. अशा काही थेंबांत स्टेरॉइड असते आणि त्याच्या दीर्घ वापराने काचबिंदू वा मोतीबिंदू होऊ शकतो. डोळा एकाएकी लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

नजर आणि कौशल्य

येथवर दृष्टीचे महत्त्व सांगितले. पण तीक्ष्ण दृष्टी म्हणजेच उत्तम खेळ, असेही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळविले. या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. पन्नास मीटरवरून ते निरोगी डोळ्यालाही वेगळे दिसत नाही! नेमबाज पाहतो तो सुमारे ११ सेंटिमीटरचा काळा ठिपका आणि तो रायफलीच्या गोल कड्यात मधोमध बसवितो. डोळ्याला मिळते तेवढ्या माहितीचा शिस्तीने उपयोग करणे, हेच येथे कौशल्य.

आणि दृष्टी मुळीच नसली तरी? अमरावतीच्या कांचनमाला पांडे या जन्मतः दृष्टिहीन जलतरणपटू. डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिको येथील जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मिडले शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक पटकाविले. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे असतात, तो खुळखुळत येतो आणि खेळाडू त्याला कानांनी पाहतात. संघात पूर्ण अंध, अंशतः अंध आणि अल्पदृष्टी असे तिन्ही गटांतील खेळाडू ठरावीक संख्येने घ्यावे लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबो येथे अंध महिलांचा पहिला टी-ट्वेन्टी विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघाच्या उपकर्णधार गंगा कदम महाराष्ट्राच्या आहेत.

या खेळाडूंच्या यशात एक गोष्ट समान आहे. त्यांना काय दिसते आणि काय दिसत नाही, हे आधी नीट मोजले गेले आणि मग त्यांच्यासाठी खेळाची रीत, साधने व गट ठरविले गेले. मोजमाप आधी, अपेक्षा नंतर, हाच न्याय आपण प्रत्येक मुलाला दिला पाहिजे.

आपल्या हाती काय आहे

यासाठी मोठा खर्च नको. सहा मीटर मोकळी जागा, चांगला उजेड आणि एक दृष्टितक्ता पुरे. डच नेत्रतज्ज्ञ हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केलेला हा तक्ता आजही जगभर वापरात आहे. अक्षरओळख नसलेल्या मुलासाठी इंग्रजी ‘ई’ आकाराचा तक्ता असतो. त्याची तोंडे कोणत्या दिशेला आहेत, हे त्याने बोटांनी दाखवायचे. एक डोळा तळव्याने, दाब न देता झाकावा व दुसरा तपासावा. वर्षाच्या प्रारंभी, संघ निवडण्यापूर्वी ही तपासणी व्हावी आणि तिची नोंद उंची व वजनाच्या रकान्याशेजारी ठेवावी. ज्यांना अडचण दिसेल, त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. शाळेत येणाऱ्या त्याच्या वैद्यकीय पथकाच्या तपासणीत दृष्टिदोषाचाही समावेश आहे. पथक येईल तेव्हा आपली नोंदवही त्यांच्यापुढे ठेवावी.

चष्मा मिळाला, की काम संपत नाही. तो नाकावर राहिला पाहिजे. चिडविण्याच्या भीतीने मुले, आणि विशेषतः मुली, तो दप्तरातच ठेवतात. ज्या शाळेत गुरुजन व मोठ्या वर्गातील खेळाडू चष्मा लावून निःसंकोच मैदानावर उतरतात, तेथे ही भीती उरत नाही.

शेवटी उजेडाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चीनमधील ग्वांगझू येथील शाळांत रोज ४० मिनिटे अधिक मोकळ्या हवेत घालविणाऱ्या मुलांमध्ये तीन वर्षांत निकटदृष्टिता सुमारे ३० टक्क्यांना जडली. नेहमीचा दिनक्रम असलेल्या मुलांत हेच प्रमाण सुमारे ४० टक्के होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आपल्या दृष्टीने फार मोलाचा आहे. उघड्या आकाशाखालचा दिवसाचा उजेड वाढत्या डोळ्याला निकटदृष्टितेपासून काही अंशी राखतो. म्हणजे खेळासाठी जशी दृष्टी हवी, तसा दृष्टीसाठी खेळ हवा. म्हणूनच ज्याला चेंडू दिसत नाही म्हणून मैदानाबाहेर बसविले जाते, त्याचे नुकसान दुहेरी आहे. त्याला बाकावरून उठवून आधी तक्त्यासमोर आणि मग पुन्हा मैदानात नेणे, एवढे काम आपल्या सर्वांचे आहे.